चुमाशांची सरदारकी दुष्काळाने आणली की होडीने?

पाणकोळी: कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा किनाऱ्यावरचे आणि समोरच्या बेटांवरचे चुमाश आदिवासी शेती करत नसत, तरी त्यांच्यात पिढीजात सरदार होते, शिंपल्यांच्या मण्यांचं चलनही होतं. पुरातत्त्वज्ञ जीन अर्नोल्ड यांनी १९९२ मध्ये मांडलं की साधारण इ.स. ११५० नंतर समुद्र तापला, मासळी आटली आणि होडीवाल्यांनी ती अडचण साधून घेतली. मला पटतं. पोटाला चिमटा बसल्याशिवाय कोण कुणाचं ऐकतो?

वल्हवाला: समुद्र तापला? केनेट या संशोधक पितापुत्रांनी २००० साली तिथल्याच समुद्रतळाच्या गाळातल्या सूक्ष्म कवचांवरून दाखवलं की ४५० ते १३०० या काळात पाणी उलट थंड होतं. थंड पाणी तळाचं खत वर आणतं, म्हणजे मासळीला सुगीच. टंचाई होती ती जमिनीवर, पावसाची.

पाणकोळी: बरं, समुद्र सोडा. दुष्काळ तर खराच ना! सिएरा नेवाडाकडच्या मोनो तलावात झाडांचे बुंधे उभे सापडलेत. पाणी इतकं ओसरलं होतं की तळावर झाडं वाढली. चुमाश सांगाड्यांवर बाणांच्या जखमाही याच शतकांत जास्त दिसतात. मूळ हवामानच. मासळी आटली की झरे, हा तपशील झाला.

खाडीपल्याड: तपशील कसला, सगळं तिथेच तर आहे! चुमाशांची होडी, टोमोल, बघा. वाहत आलेल्या रेडवूडच्या फळ्या, भोकं पाडून दोरीने शिवलेल्या, सांधे डांबर आणि पाइनच्या राळेने बुजवलेले. बांधायला महिने लागत, त्यामुळे मालक मोजकेच. आणि ही होडी त्या दुष्काळाच्या कित्येक शतकं आधीची आहे. सांता क्रूझ बेटावरची माणसं चर्ट दगडाच्या बारीक टोच्यांनी मणी पाडायची, बदल्यात किनाऱ्यावरून ओकची फळं यायची. मधली वाहतूक कुणाच्या हातात? दुष्काळ तर अर्ध्या कॅलिफोर्नियाने भोगला, सरदारकी सगळीकडे का नाही उगवली?

पाणकोळी: पण झरे भरलेले असते तर बेटकरी होडीवाल्याच्या दारात गेले असते का?

वल्हवाला: गेले असते की. मणी त्याआधीही हजारो वर्षं बनत होते. ११५० नंतर टोच्यांचे ढीग वाढले, एवढंच.