भंगारातल्या पाट्याला कमी लेखू नका

आपला लोहार भंगार वापरतो, म्हणून परदेशातल्या नावाजलेल्या चाकूकारांशी त्याची तुलनाच नको, असं काही जण म्हणतात. हे अजिबात पटलं नाही. अमेरिकेत हाताने घडवलेल्या चाकूला प्रतिष्ठा मिळवून देणारे बॉब लव्हलेस (1929–2010) आधी खलाशी होते. 1950च्या दशकात त्यांनी पहिला चाकू घडवला तो जुन्या पॅकार्ड मोटारीच्या स्प्रिंगमधून!

आमच्या केजकडे (बीड जिल्हा) दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीचे कोयते घडतात तेही ट्रकच्या कमानपाट्यातूनच, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्टीतून. त्या पोलादात कार्बन साधारण 0.5 ते 0.6 टक्के असतो, म्हणून ते पाणी धरतं, म्हणजे लाल तापवून एकदम गार केलं की टणक होतं. आमच्या गावचे लोहारमामा पाणी द्यायला सावलीतच बसतात, कारण उन्हात तापल्या पात्याचा रंग नीट कळत नाही. लालभडक पात्याची फक्त धार तेलात बुडवतात, बाहेर काढून चटकन घासतात आणि बघत राहतात. पात्याच्या पाठीत उरलेल्या धगीने पिवळसर छटा धारेकडे सरकते. ती तिथवर पोचली की पातं लगेच गार करायचं. निळी झाली तर धार मऊ पडते. ही नजर कमवायला वर्षं जातात, आणि गिऱ्हाईक मात्र कोयत्याचा भाव वजनावर करतं, याचं फार वाईट वाटतं.