आहाराची नोंद: किलोकॅलरी की किलोजूल?

सराफ्याचा_शेजारी: अ‍ॅपमध्ये कुठलं एकक ठेवू? ऑस्ट्रेलियातून आलेल्या ओट्सवर १०० ग्रॅमला १५८० किलोजूल लिहिलंय, इंदूरच्या शेवेच्या पुड्यावर मात्र किलोकॅलरी.

तोळामासा: किलोकॅलरीच ठेवा, आपल्या पाकिटांवर तीच छापतात. किलोजूलला ४.१८४ ने भागायचं. १५८० म्हणजे ३७८. तोंडी हिशोबाला चारने भागून पाच टक्के कमी करा, ३७५ येतात, चालतंय की. आणि खाण्याच्या बाबतीत नुसतं ‘कॅलरी’ लिहिलं तरी ती किलोकॅलरीच.

पळीभर_तेल: पदार्थ स्वतः भरताना एकक चुकलं तर आकडा चौपट फुगतो. पडताळा घ्या: प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅमला ४ किलोकॅलरी, स्निग्धांश ९. किलोजूलमध्ये १७, १७ आणि ३७. बेरीज लेबलच्या आसपास यायला हवी.

तोळामासा: बरोबर. पण खरा घोळ वजनात होतो. पोहे कोरडेच तोला. भिजवल्यावर पाण्याने वजन वाढतं, ऊर्जा तेवढीच राहते. फोडणीचं तेल मोजा, ५ ग्रॅमला ४५ किलोकॅलरी. वरून भुरभुरलेली शेव वेगळी लिहा, ती हमखास सुटते.

सराफ्याचा_शेजारी: आणि सोबतची जिलबी?

पळीभर_तेल: तीही तोलूनच, पाकासकट!