एनएलपी, एरिक्सन आणि आपले फारिया

एनएलपी (न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रामिंग) म्हणजे बोलण्यातून विचार आणि सवयी बदलू पाहणारं तंत्र. त्याचा संमोहनाशी काडीचा संबंध नाही असं काहीजण म्हणतात, ते मला पटलं नाही. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात बँडलर आणि ग्राइंडर यांनी ज्यांची बोलण्याची ढब टिपून हे तंत्र उभं केलं, त्यांत मिल्टन एरिक्सन हे संमोहनतज्ज्ञच होते. हुकूम न सोडता, गोष्टी सांगत आडून सुचवायचं ही त्यांची हातोटी. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी संमोहन करणारे गोव्याचे धर्मगुरू आबे फारिया यांचा पुतळा आहे ना, बाईवर हात धरून तिला संमोहित करणारा? (पर्यटकांना वाटतं, भूत उतरवतोय!) ते कांदोळीचे फारिया १८१३ साली पॅरिसात हेच सांगत होते : ताकद संमोहकात नसते, समोरच्याच्याच मनात असते.

म्हापशाच्या एका शिबिरात मला अंगठा-तर्जनी दाबून ‘अँकर’ लावायला, म्हणजे त्या स्पर्शाशी शांत मनःस्थिती जोडून ठेवायला शिकवलं. स्टेजवर पाय लटपटायचे थोडे थांबले. नखं खाणं चालूच. एनएलपीच्या दाव्यांना संशोधनाचा आधार तोकडा, फी मात्र भरभक्कम.