साठवलेल्या दुव्यांचा ढीग फीड रीडरने आवरता येतो का?

सांजवाचक (प्रश्न)

नमस्कार. पाणी, माती आणि पीकपद्धती या विषयांवर लिहिणारी चाळीसएक संकेतस्थळे मी नियमित वाचतो, निदान वाचायचा प्रयत्न करतो. बाहेर असताना एखादा लेख आवडला की त्याचा दुवा मी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवतो, आणि घरी संगणकावर असलो तर ब्राउझरमध्ये खूण करून ठेवतो. त्यामुळे अर्धे दुवे एकीकडे, अर्धे दुसरीकडे आणि लक्षात मात्र एकही नाही, अशी अवस्था झाली आहे. गेल्या आठवड्यात शेततळ्यांच्या अस्तरीकरणावरचा एक लेख शोधण्यात पाऊण तास गेला, आणि दुवा अखेर हाती लागला तेव्हा तिथे ‘पान सापडले नाही’ एवढीच ओळ उरली होती. नवे लेख कळणे आणि जुने जपून ठेवणे ही दोन्ही कामे एकाच फीड रीडरवर सोपवता येतील का?

दौतटाक

दोन्ही कामे एकाच्याच गळ्यात मारू नयेत, असे माझे मत आहे. फीड ही संकेतस्थळाने आपल्या ताज्या लेखांची यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात ठेवलेली यादी असते, आणि रीडर ठरावीक वेळाने तिथे जाऊन यादीत काही नवे आले आहे का ते पाहून येतो. १९९९ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीने आरएसएस हे फीडचे स्वरूप आणले तेव्हापासून या व्यवहारात मूलतः फारसा फरक पडलेला नाही. आपला ईमेल पत्ता कोणाला द्यावा लागत नाही, आणि काय दाखवायचे ते ठरवणारा मध्यस्थ नसतो, हे दोन फायदे मला आजही मोठे वाटतात.

फीडचा पत्ता शोधत बसण्याचेही सहसा कारण नसते, कारण संकेतस्थळाचा मुख्य पत्ता दिला की बहुतेक रीडर फीड स्वतःच हुडकून काढतात.

मात्र ही यादी आखूड असते. अनेक संकेतस्थळे ज्यावर चालतात त्या वर्डप्रेस प्रणालीत मुद्दाम बदल केला नसेल तर फीडमध्ये शेवटच्या १० नोंदीच राहतात; म्हणजे दिवसाला वीस लेख टाकणाऱ्या स्थळाकडे तुमचा रीडर दोन दिवस फिरकला नाही, तर मधले लेख त्याला कधीच दिसत नाहीत. फोन बंद असला तरी सर्व्हरवरून फीड गोळा करत राहणारा रीडर, उदाहरणार्थ इनोरीडर किंवा फीडली, यासाठी सोयीचा पडतो. स्वतःचा सर्व्हर सांभाळण्याची हौस असेल तर फ्रेशआरएसएस आहेच.

माजघर

वरील सल्ला योग्य आहे, पण चाळीसच्या चाळीस स्थळे एका दिवसात रीडरमध्ये ओतू नका, अशी माझी विनंती आहे. गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाला, त्याआधी कित्येक महिने माझ्या पडद्यावर न वाचलेल्या नोंदींचा आकडा ‘१०००+’ असा थिजून राहिला होता, आणि तो बघून मी रीडर उघडणेच सोडून दिले होते. दोष सर्वस्वी माझा, कारण मी त्यात तीन वृत्तपत्रे घातली होती.

आता मी उलटा नियम पाळते. जे रोज लिहितात त्यांच्याकडे मनात येईल तेव्हा आपण स्वतः जावे, आणि जे दोन-चार महिन्यांतून एकदा लिहितात त्यांना रीडरमध्ये ठेवावे, कारण त्यांचीच आठवण आपल्याला राहत नाही. न वाचलेल्या नोंदींचा हिशेब ठेवण्याचे काही कारण नाही. महिन्याच्या शेवटी ‘सर्व वाचले’ हे बटण मी निःसंकोच दाबते.

ओवीबद्ध

जपून ठेवण्याच्या प्रश्नाकडे अजून कोणी नीट वळलेले नाही. रीडरमध्ये एखाद्या नोंदीला तारा दिला म्हणजे लेख जपला गेला, असे समजू नये. बरीच स्थळे फीडमध्ये लेखाच्या पहिल्या चार ओळीच देतात, आणि अशा वेळी ताऱ्यासोबत त्या चार ओळीच उरतात. लेख खरोखर हवा असेल तर त्याचा मजकूर साठवावा. त्यासाठी वॉलाबॅग आहे, आणि तेही नको असल्यास पान पीडीएफ करून एका फोल्डरात टाकणे पुरते. त्याच वेळी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्या पानाची प्रत जतन करण्याची सूचना दिली, तर आपल्याबरोबर इतरांचीही सोय होते. तुमचा शेततळ्यांचा लेखही तिथे आधीच जतन झालेला असू शकेल. मेलेला दुवा तिथे एकदा टाकून पाहा.

साठवणाऱ्या सेवाही कायम नसतात. ऑम्निव्होर नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि पॉकेट ८ जुलै २०२५ रोजी. म्हणून रीडरमधून ओपीएमएल फाइल अधूनमधून उतरवून घ्यावी, पण तिच्यात फक्त फीडांची यादी असते, तारांकित लेख नसतात, हे ध्यानात असू द्यावे.

एक अवांतर, पण तुमच्या पाऊण तासाशी कदाचित संबंध असलेली गोष्ट. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: एकात खाली टिंब असलेले वेगळे अक्षर वापरतात, तर दुसऱ्यात साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण अनेक शोधयंत्रणांच्या लेखी ते निरनिराळे शब्द असतात. म्हणून शोधताना पूर्ण शब्द न देता ‘शेतक’ एवढेच टंकावे.

सांजवाचक

सर्वांचे आभार. चाळीसपैकी एकतीस स्थळांची फीडे मिळाली, आणि माजघर यांच्या नियमाने त्यांतली एकोणीसच ठेवली. विहिरींच्या पुनर्भरणावर लिहिणारे एक निवृत्त अभियंते आहेत, ज्यांचा ब्लॉग थांबला असे मी धरून चाललो होतो. त्यांचे मार्चमधले दोन लेख रीडरने पहिल्याच दिवशी पुढे ठेवले. शेततळ्यांचा लेख वेबॅकमध्ये आहे, मात्र त्यातला खर्चाचा तक्ता चित्ररूपात होता आणि ते चित्र जतन झालेले नाही.

‘शेतक’ टंकल्यावर माझ्या जुन्या खुणांतून आणखी चौदा दुवे निघाले. त्यांतले पाच मेलेले आहेत. उरलेल्या नवांची पीडीएफ आज रात्री करून ठेवतो.