घरसभेत दुःखी माणसांना शांती लाभावी म्हणून नेमकं काय करावं? (कोल्हापूर)

पंचगंगाकाठ:
सर्वांना सलाम. आमच्या गल्लीत दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला घरसभा, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांची घरातली प्रार्थनासभा, भरते, आठ-दहा माणसं असतात. सध्या एका घरात महिन्याभरापूर्वी मयत झालंय. दुसऱ्या घरात उसाचं बिल थकलंय, वर सोसायटीचं कर्ज, रात्ररात्र झोप नाही. "काळजी करू नका, विश्वास ठेवा" असं कुणी म्हटलं की ही माणसं आणखीनच मिटून जातात. असं का होतं? हाताशी चाळीस मिनिटं असतात, त्यात काय आणि कोणत्या क्रमाने घ्यावं? शेजारच्या हिंदू काकूही येऊन बसतात, त्यांना अवघडल्यासारखं व्हायला नको.

जुनी_घंटा:
मिटून जातात, कारण त्या वाक्यातून त्यांना "तुमचा विश्वास कमी पडला" एवढंच ऐकू येतं. बायबलमधल्या पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातलं ४:६ (अध्याय ४, वचन ६) आपण अर्ध्यावर सोडतो, तिथे चुकतं. काळजी करू नका म्हटल्यावर पौल लगेच सांगतो की आपलं मागणं उपकारस्तुतीसह देवाला कळवा. म्हणजे काळजी गिळायची नाही, नाव घेऊन देवापुढे मांडायची. ७व्या वचनात देवाची शांती अंतःकरण राखील असं आहे, तिथला मूळ ग्रीक शब्द पहारा ठेवणाऱ्या शिपायांसाठी वापरतात. पत्र लिहिताना पौल स्वतः कैदेत होता, दाराशी पहारा होताच. संकट उभं असतानाही मन राखलं जातं, असा त्याचा अर्थ. तेव्हा "प्रार्थना केली की कर्ज फिटेल" असं कुणालाही सांगू नका.

वाचनाला बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो, पुढच्या दोनांत मागणं आहे, शेवटच्या दोनांत भरवसा. सभाही त्याच क्रमाने चालवा. पहिली पाच मिनिटं एक गीत. मग स्तोत्र दोनदा सावकाश वाचायचं आणि तीन मिनिटं पूर्ण शांतता. ही तीन मिनिटं फार लांब वाटतात, कुणीतरी खाकरतं, कुणी पुस्तक चाळतं, आणि चालवणारा घाबरून बोलायला लागतो. बोलू नका, घड्याळ समोर ठेवा. मग पंधरा मिनिटं ज्याला सांगायचंय त्याने आपलं "कोठवर" सांगावं. त्यावर सल्ला कुणी द्यायचा नाही. उरलेल्या वेळात छोट्या प्रार्थना, प्रत्येकी दोन-तीन वाक्यं, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. बोध, म्हणजे प्रवचन, त्या दिवशी नकोच. माणसं थकतात ती बहुधा वीस मिनिटांच्या बोधाने आणि एकाच माणसाच्या लांब प्रार्थनेने.

स्तोत्र ४६:१० मधलं "शांत राहा" पुष्कळदा डोळे मिटून बसण्यासाठी सांगतात. मूळ हिब्रूत त्याचा अर्थ हात सैल सोडा, थांबा असा आहे, आणि आधीच्याच वचनात देव धनुष्य मोडतो, लढाया बंद करतो. ज्याची रात्र हिशेब करण्यात जाते त्याला हा अर्थ जास्त उपयोगी पडतो.

पेटीवाला:
गीताबद्दल थोडं. पेटी नेहमीपेक्षा दोन पट्ट्या खाली लावा. रडलेल्या माणसाचा आवाज वर चढत नाही, मग ती ओठ मिटून बसतात आणि सभेतच एकटी पडतात. लय संथ ठेवा, ढोलकी नको. 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकातली कवी ना. वा. टिळकांची पदं घ्या. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले, १८९५ साली, पण अभंग-ओवीची वाट सोडली नाही. काकूंच्या कानाला तो बाज ओळखीचा वाटेल. दोन कडवी पुरेत.

दारातली_चप्पल:
मांडणी चांगली आहे, पण "सांगावं" इथे जपा. घरसभेत सांगितलेलं कर्ज दुसऱ्या दिवशी दूध घालायला गेलेल्या ठिकाणी निघालं, तर तो माणूस पुन्हा येणार नाही. सुरुवातीलाच स्पष्ट सांगा की इथलं इथेच राहील. ज्याला बोलायचं नाही त्याने नुसतं "माझ्यासाठीही" म्हणावं. सगळ्यांना गोल फिरवून बोलायला लावू नका.

काकूंना आधी विचारा, "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" नको म्हणाल्या तर चहा द्या आणि विषय बदला. हो म्हणाल्या तर त्यांनी जे सांगितलं तेवढंच मागा. त्यांचं दुःख धर्म सांगायची संधी म्हणून वापरू नका. लूकच्या शुभवर्तमानात (१०:५) येशूने शिष्यांना घरात शिरताच आधी "या घरास शांती असो" म्हणायला सांगितलंय, बाकी सगळं नंतर.

मयत झालेल्या घरी गुरुवारची वाट न बघता जा. दोघंच जा, वीस मिनिटं बसा, जाताना डबा न्या. "देवाची इच्छा" हे शब्द तोंडातून काढू नका. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या इयोबाचे मित्र सात दिवस न बोलता त्याच्याजवळ जमिनीवर बसले, त्यांचं बिघडलं ते बोलायला लागल्यावर. सीपीआरमध्ये (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) कुणाला भेटायला गेलात तरी हेच: वॉर्डात मोठ्याने प्रार्थना नको, शेजारच्या खाटेवरचाही आजारीच असतो.

जुनी_घंटा:
चप्पलताईंचं बरोबर आहे, ते आधी सांगायला हवं होतं. आणखी एक. कधीकधी अशांतीचं मूळ भावकीच्या वादात असतं. मत्तय ५:२३-२४ नुसार अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला जायचं असतं. पण हे सभेत नको, मत्तय १८:१५ प्रमाणे दोघांनीच एकांतात बोलावं. आणि झोप न लागणं दोन आठवड्यांच्या पुढे गेलं, जेवण सुटलं किंवा "जगून काय करू" असं कुणी म्हणालं, तर प्रार्थना चालू ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, तो लिहून द्या. औषध घेतल्याने विश्वास कमी होत नाही, हे पाळकांनी तोंडाने सांगितलं तर फार बरं.

पंचगंगाकाठ:
आभार. स्तोत्र १३ घेतो. मयत झालेल्या घरातल्या वहिनींनाच वाचायला सांगू का? त्यांना बरं वाटेल असं वाटतं.

दारातली_चप्पल:
नको. दुसऱ्याच ओळीला आवाज भरून येतो आणि मग सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे लागतात. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या बाईने वाचावं. पुस्तक दोघींच्या मध्ये धरायचं, म्हणजे वहिनींना सोबत म्हणावंसं वाटलं तर म्हणता येईल.