‘पाप’ करतात की ‘लागते’? आजच्या अध्यात्मातील एका शब्दाविषयी

प्रश्न : अलीकडच्या आध्यात्मिक व्याख्यानांत ‘पाप’ हा शब्द फारसा कानी पडत नाही. त्याऐवजी ‘नकारात्मक ऊर्जा’, ‘दोष’, ‘कर्म’ असे शब्द येतात. हे ‘पापा’चेच समानार्थी शब्द मानावेत काय?

उत्तर : मानू नयेत, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण नामापेक्षा त्याला लागणाऱ्या क्रियापदांत सापडते. मराठीत पाप करतात, तसेच ते लागते. ते माथी येते, पदरी पडते, त्याचा घडा भरतो, ते धुतले जाते आणि धुतले गेले नाही तर फेडावे लागते. ‘मी पाप केले’ या वाक्यात मी कर्ता आहे; ‘मला पाप लागले’ यात मात्र मी केवळ त्याचा धनी आहे. म्हणजे या एका शब्दात कृत्य, कृत्याचा मळ आणि कृत्यामुळे डोक्यावर चढणारे ऋण अशा तीन कल्पना एकत्र नांदतात. आजच्या अध्यात्माने त्यांतला मळ तेवढा ठेवून घेतला आहे. ‘नकारात्मक ऊर्जा’ साचते, घरात शिरते, मीठपाण्याने किंवा धुपाने घालवता येते. पण ती कोणी ‘केली’ असे कधी म्हणत नाहीत.

मळाची कल्पना आम्हा नाशिककरांना परकी नाही. गोदावरी अवतरली तीच मुळी पापक्षालनासाठी. गौतम ऋषींनी शेतात शिरलेल्या गायीला दर्भाने हाकलले, ती गतप्राण झाली, आणि त्या गोहत्येच्या निवारणासाठी त्यांनी शंकराची आराधना करून गंगा ब्रह्मगिरीवर आणवली, अशी कथा आहे. पंचवटीतल्या कपालेश्वराच्या देवळात पिंडीसमोर नंदी नाही, त्यामागेही पापाचीच कथा सांगतात : ब्रह्महत्येचे पातक घालवण्याचा उपाय, म्हणजे रामकुंडावरचे स्नान, शंकराला नंदीने दाखवून दिला, म्हणून तो येथे गुरुस्थानी मानला गेला आणि त्याला समोर बसवले नाही. दोन्ही कथांत पाप लागते आणि धुतलेही जाते. गौतमांच्या कथेत तर मारण्याचा हेतूही नव्हता. तरीही काय घडले, कोणाचा जीव गेला, हे दोन्हीकडे नाव घेऊन सांगितलेले आहे. कृत्य पुसून टाकून नुसता मळ धुण्याचा प्रकार या कथांत नाही.

‘दोष’ या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. त्र्यंबकेश्वरी होणाऱ्या नागबळीमागची मूळ समजूत नाग मारल्याच्या पापाचे परिमार्जन अशी आहे, म्हणजे तेथेही एक कृत्य गृहीत आहे. परंतु ‘कालसर्पदोष’ किंवा ‘वास्तुदोष’ म्हटले की आपण काय केले, हा प्रश्नच उरत नाही. पत्रिकेतल्या ग्रहांची मांडणी किंवा स्वयंपाकघराची दिशा तेवढी पाहायची. (ज्योतिषात शनी आणि मंगळ ‘पापग्रह’ ठरतात, त्यात ‘पाप’ म्हणजे केवळ अशुभ. संस्कृतातला विशेषण म्हणून असलेला हा जुना अर्थ तेथे टिकून राहिला आहे. लहान मुलाकडे मागितली जाणारी ‘पापी’ मात्र या कुळातली नव्हे!)

इंग्रजीतल्या ‘सिन’ या शब्दाने घोळात भर घातली. बायबलच्या ग्रीक नव्या करारातील ‘हमार्तिया’ या शब्दाच्या मुळाशी नेम चुकणे हा अर्थ आहे. तो इंग्रजीत ‘सिन’ झाला, मराठी बायबलात ‘पाप’ झाला, आणि मनुष्य जन्मतःच पापी ही कल्पना आपल्या शब्दाला येऊन चिकटली. 1893 साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंदांनी माणसाला पापी म्हणणे हेच पाप आहे, असे बजावले. पुढच्या पुष्कळ वक्त्यांनी त्यावरून पाप नावाची वस्तूच नाही असा निष्कर्ष काढला. विवेकानंदांनी आक्षेप घेतला तो माणसाला लावलेल्या विशेषणाला. आणि तो घेतानाही त्यांना ‘पाप’ हा शब्द वापरावाच लागला. शिवाय आपली परंपरा अशा विशेषणापासून अगदीच अलिप्त होती असेही म्हणवत नाही, कारण प्रदक्षिणा घालताना ‘पापोऽहं पापकर्माहं’ घरोघरी म्हटले जाते.

नव्या अध्यात्मातले सगळेच पर्याय पळवाटा नाहीत. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरांत ‘पापा’पेक्षा ‘विकार’ आणि ‘अकुशल’ हे शब्द अधिक कानी पडतात. परंतु तेथे आरंभीच पंचशील घ्यावे लागते, आणि त्यात हत्या, चोरी, खोटे बोलणे ही कृत्ये स्पष्ट सांगितलेली आहेत. जैनांचे ‘मिच्छामि दुक्कडम्’ तर दुष्कृताचाच उच्चार करते, आणि तो समोरच्या माणसाकडे पाहून करायचा असतो.

काही महिन्यांपूर्वी गंगापूर रोडवरील एका सभागृहात व्याख्यान ऐकत होतो. वक्ते म्हणाले, ‘पाप असे काही नसते, असतो तो अनुभव.’ प्रश्नोत्तरांच्या वेळी निफाडकडचे एक वयस्कर द्राक्षबागायतदार उभे राहिले. हातातली टोपी चुरगाळत त्यांनी विचारले, ‘महाराज, व्यापाऱ्यानं बागेतला माल उचलला, चेक दिला, तो वटला नाही, आणि गडी गाव सोडून गेला. ह्याला काय म्हणायचं?’ त्यावर मागील जन्मीचे तुमचे काही देणे राहिले असेल, असे उत्तर मिळाले. बाबा काही न बोलता खाली बसले. बुडवणाऱ्याच्या पदरात अनुभव आणि बुडालेल्याच्या माथी देणे, अशी ती वाटणी होती. ऋणाची कल्पना परत आली खरी, पण कृत्य हरवलेले असल्यामुळे ते ऋण भलत्याच माणसाच्या नावे लिहिले गेले. तुकोबांनी ‘पुण्य पर उपकार पाप ते परपीडा’ असे म्हणून पापाच्या अर्थात जो दुसरा माणूस बसवला, तोच ‘नकारात्मक ऊर्जे’त सापडत नाही.

आक्षेप : आपण या शब्दाची बाजू फारच घेता. स्पर्शात पाप, सावलीत पाप, मासिक पाळीत देवघराकडे पाहण्यात पाप, असे सांगून याच शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे भेदरवली आणि दूर ठेवली. तो गेला तर बिघडले कुठे?

उत्तर : आक्षेप खरा आहे, आणि नाशकात बसून तो नाकारणे तर अशक्यच आहे. काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तो पुढे काही वर्षे चालला, आणि दरवाजे बंद ठेवणाऱ्यांच्या तोंडी विटाळाचीच भाषा होती. पण विटाळ म्हणजेही कृत्यावाचूनचा मळ. ज्याने कोणाचे काही केले नाही त्याला तो जन्माने चिकटवला गेला, आणि दार लावून घेणे हे कृत्य मात्र पापाच्या हिशेबात धरले गेले नाही. म्हणून माझी तक्रार ‘पाप’ या शब्दापेक्षा त्याच्या या एकट्या पडलेल्या अर्थाविषयी आहे, आणि ‘नकारात्मक ऊर्जा’ हा मला त्याच अर्थाचा नवा अवतार वाटतो.

वापरापुरते सांगायचे तर, स्वतःला आतून खात राहणाऱ्या भावनेला ‘अपराधीपणा’ म्हणावे, नियम मोडल्यास ‘गुन्हा’ म्हणावे, आणि अनवधानाने घडलेल्या गोष्टीला ‘चूक’ पुरेशी आहे. त्या बागायतदाराच्या प्रश्नाला यांपैकी एकही शब्द पुरत नाही. चेक न वटणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांना ठाऊक होतेच. ते विचारायला आले होते त्यापलीकडचे.