अखल्त्सिखेचा रबाती किल्ला पाहावा की वगळावा?

दगडफूल:
जॉर्जियाच्या दक्षिणेला, तुर्कस्तानच्या सीमेजवळ अखल्त्सिखे आहे. वार्द्झियाची लेणी बघायला जाणारे बहुतेक जण वाटेत तिथला रबाती किल्ला उरकून येतात. माझं मत: वगळा. २०११-१२ मध्ये सरकारने जीर्णोद्धाराच्या नावाखाली कारंजी बसवली, बागा आखल्या, अहमदिये मशिदीच्या घुमटाला सोनेरी मुलामा दिला. नवे दगड इतके गुळगुळीत की मंगल कार्यालयात आल्यासारखं वाटतं. कुतैसीच्या बाग्रती कॅथेड्रलची अशीच नवी बांधणी झाली आणि २०१७ मध्ये ते युनेस्कोच्या यादीतून गेलं.

भटकभवानी:
अहो, हा किल्ला जसाच्या तसा राहिला कधी? आधी जाकेली हे इथलं सरदार घराणं, मग ऑटोमन पाशा, म्हणजे तुर्की सुभेदार. १८२८ मध्ये रशियनांनी जिंकला आणि मशिदीचं चर्च करून टाकलं. प्रत्येक नव्या धन्याने मोडतोड केलीच आहे. मग एकट्या २०१२ वरच राग का? निदान आज मशीद, चर्च, पाशाचा वाडा एका तटात धडपणे उभे दिसतात.

दगडफूल:
पाशाने राहायला बांधलं, यांनी तिकिटासाठी. जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं, हे भिंतीवरून कळायला नको?

उंडगा:
तुम्ही दोघं तटाच्या आतच भांडताय. खरी जुनी वस्ती बाहेर, उतारावर आहे. आम्ही गेलो तेव्हा एका घराचा लाकडी सज्जा रस्त्यावर कललेला होता, कठडा तारेने आवळलेला आणि त्यावर चादरी वाळत घातलेल्या. तिथे फुकट हिंडता येतं. पुढे सिनेगॉग आहे, पण ज्यू बहुतेक इस्रायलला गेले. नोव्हेंबर १९४४ मध्ये स्टालिनने या भागातल्या मेस्खेती तुर्कांना मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात धाडलं, तेही ९० हजारांहून जास्त. कारंज्यांचे पैसे या घरांवर खर्चले असते तर मी जीर्णोद्धाराला टाळ्या वाजवल्या असत्या.

भटकभवानी:
हे मान्य. पण किल्ला नटला म्हणून पर्यटक थांबतात, खानावळी चालतात. नुसत्या पडक्या भिंतींसाठी राजधानी तिबिलिसीहून मार्शरुत्कात, म्हणजे तिथल्या शेअर व्हॅनमध्ये, साडेतीन तास कोण अंग आंबवून घेईल?

दगडफूल:
मी. आणि शाकाहारी असाल तर लोबिओ मागवा, राजम्याचाच प्रकार आहे. मडक्यात मुरवलेलं, धाग्याधाग्यांचं तेनिली चीज मिळालं तर सोडू नका. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

उंडगा:
म्हणजे जेवायला थांबायचं, किल्ला बघायचा नाही?

दगडफूल:
बाहेरून बघा. पोत्सखोवी नदीपलीकडून छान दिसतो, नवे दगड तिथून कळत नाहीत.